लंकेच्या वाळूतला वाफा

श्रीलंकेच्या किनाऱ्यांबद्दल मला काही विचारायचं असेल तर आधी बसायला खुर्ची द्या. उभ्यानं मी आता लंका सांगत नाही. परत आलो तेव्हा श्रीरामपूरच्या स्टेशनाबाहेरच्या एकूण एक चहावाल्यानं मला उभं धरलं होतं, "मास्तर, लंका कशी काय?" एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि निवृत्त झाल्यावर बिल्ला काढून घेतात तशी ही पदवी काही काढून घेत नाहीत. मीही मग सुटलो. पहिल्या आठवड्यात लाटा नारळाच्या झाडाएवढ्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात त्या गावच्या पाण्याच्या टाकीएवढ्या झाल्या. पुढं पुढं तर एका लाटेवर मी एक गाय उभी पाहिली, निवांत रवंथ करताना. त्यानंतर मात्र जीभच दमली. चढावर बैल बसावा तशी बसली ती बसलीच. जन्मभर भरल्या गाडीत "पुढं सरका, आत मैदान मोकळं पडलंय" असं ओरडलेला माणूस मी. माझी जीभ दमली हे घरात कुणाला पटेना. बायको म्हणाली, "डॉक्टरला दाखवा."

तर बसून सांगतो. आणि झेपेल तितकं खरं.

मी लंकेला किनारे बघायला गेलोच नव्हतो. थोरल्या बहिणीकडून एक 'हो' आणायला गेलो होतो.

अक्काचं शेत आमच्याच तालुक्यात, पण कालव्याच्या टेलला. टेल म्हणजे शेपूट. भंडारदऱ्याचं पाणी धरणातून सुटतं, डोंगर उतरतं, वाटेत सगळ्यांचे ऊस पाजत पाजत येतं, आणि शेवटी जे काही ओशाळं होऊन उरतं ते टेलला पोचतं. कधी पाणी पोचतं, कधी नुसती बातमी. आवर्तन, म्हणजे कालव्याचं ठरल्या मुदतीचं पाणी, सुटलं की गावात पाळी लागते, अमक्याची दुपारी, तमक्याची पहाटे. अक्काचं आयुष्य त्या पाळीवर चाललं. तिच्या लग्नाची तारीख म्हणे आवर्तन बघून धरली होती. भाच्याच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा ती चारीच्या, म्हणजे शेतावर येणाऱ्या पाटाच्या, कडेला फावडं घेऊन उभी होती. पोटातल्या पोराला म्हणाली, "दम धर, पाळी हाय माझी," आणि पोरगं थांबलं. हसा तुम्ही. पण त्या पोराला अजून ती सवय आहे. बँकेत असो नाहीतर दवाखान्यात, रांगेत त्याच्याइतकं शांत कुणी उभं राहत नाही.

दाजी गेल्यापासून अक्का एकटी. गेल्या हिवाळ्यात चारीवर दारं धरताना, म्हणजे फावड्यानं एका वाफ्याचं तोंड बांधून पाणी दुसऱ्यात वळवताना, पाय घसरून पडली. चिखलात कंबर धरून पडून राहिली. दुधाची गाडी त्या वाटेनं आली म्हणून कुणाला दिसली. भाचा पुण्याहून धावत आला. त्याच्या फ्लॅटमध्ये तिच्यासाठी खिडकीची खोली कधीची तयार होती. तो म्हणाला, चल. ही म्हणाली, न्हाई. तो रडला. न्हाई. सून पाया पडली. तिला आशीर्वाद दिला, आणि न्हाई.

मग भाचा माझ्याकडे आला. चहा पुढ्यात निवू दिला. शेवटी म्हणाला, "मामा, पुढच्या वेळी दूधवाला सुट्टीवर असला तर?"

मी चहा परत गरम करायला दिला, तेव्हा तोच पुढं म्हणाला,

"ती मोबाईलवर समुद्र बघून एकदा म्हणाली होती, एवढं पानी खरंच कुठं आसतं, का तुझ्या मामावानी फोन बी थापा मारतो? तुम्ही तिला नेऊन दाखवा. श्रीलंकेची एक सहल निघतेय, किनारेच किनारे आहेत त्यात. तिथं तिला पटवा. येताना होकार घेऊन या."

"अरे, मग लंका कशाला? अलिबाग काय वाईट आहे?"

"अलिबागहून ती दुपारच्या गाडीनं परत येईल, मामा. मध्ये समुद्र पाहिजे."

पोरगं हुशार. आईला ओळखून आहे.

*

सहलीत आमच्या जिल्ह्याचीच माणसं भरलेली. कुणी श्रीगोंद्याचं, कुणी संगमनेरचं, आणि अकोले तालुक्यातले एक बाबा, भाताचे शेतकरी, वयानं माझ्यापेक्षा मोठे पण पायानं पाडस. धरण त्यांच्या डोंगरात, शेपूट अक्काच्या शेतात. विमानातच दोघांची जुंपली.

"आमी सोडतो म्हनून तुमी पिता, बाई," बाबा म्हणाले.

"तुमी सोडता, त्ये मधल्यामधी कोन पितंय त्ये बी बगा की. आमच्यापत्तर निस्ता वास येतो."

पहिला किनारा नेगोंबोचा, विमानतळापासून जवळ. खळ्यावर बाजरी वाळत घालावी तशी तिथं वाळूत चटयांवर मासळी वाळत घातलेली. वास असा, की मला वाटतं वैमानिकानं डोळे मिटून नाकावरच विमान उतरवलं असावं. रंगीत शिडांच्या होड्या, देवळांइतकी चर्च. आमच्यातल्या एक निवृत्त शाळाबाई, श्रीरामपूरच्याच, चर्चला जाणाऱ्या, त्यांना तर तिथं माहेरच सापडलं. त्या तिकडे गेल्या आणि आम्ही उरलेले कालव्याचे लोक पाण्याच्या कडेला रांगेनं उभे राहिलो.

लाट आली. पाय भिजले. सगळ्यांनी "हाऽऽ" केलं. मग लाट मागं गेली.

"तुटलं," अक्का म्हणाली.

आणि तुम्हाला सांगतो, सगळ्यांचे चेहरे उतरले. गेलेलं पाणी लगेच माघारी येतं हे आमच्या रक्तातच नाही. बाबांनी त्या ओल्या वाळूवर पंचा अंथरला, चपला शेजारी ठेवल्या आणि धपाट्यांची पुरचुंडी सोडली. "बसा आता निवांत," म्हणाले, "म्हैनाभर काय यायचं न्हाई." श्रीगोंद्याच्या दोघीही बसल्या. पुढच्या लाटेनं पंचा, धपाटी, चटणी आणि बाबांची उजवी चप्पल नेली. डावी ठेवली. का ठेवली ते समुद्रालाच ठाऊक. बाबा पुढं सगळा देश हॉटेलातल्या कागदी सपातांवर फिरले, आणि अक्का येताजाता विचारायची, "काय बाबा, सोडलेलं पानी पोचलं का तुमच्यापत्तर?"

मी मनात म्हटलं, खुलली. काम होणार.

दुसऱ्या दिवशी बेंटोटा. तिथं एक रुंद, संथ, हिरवी नदी नारळांच्या सावलीतून येते आणि समुद्राला मिळते. मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, एका बाजूला गोड पाणी, दुसऱ्या बाजूला खारं. इतकं देखणं, की मीसुद्धा पाच मिनिटं गप्प बसलो. अक्का मात्र नदीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली ती हलेना.

"समदी नदी जाती व्हय आत?"

"सगळी."

"कुनी आडवत न्हाई?"

"कशाला अडवतील? इथं पाऊसच एवढा..."

ती त्या दिवशी जेवली नाही. भात, माशाची आमटी, खोबऱ्याची लाल चटणी, सगळं तसंच. मला म्हणाली, डोकं धरलंय.

मी विषय काढला. हिक्कडुवाच्या वाटेवर, बसमध्ये तिच्या शेजारी बसून पुण्याचा फ्लॅट सांगायला घेतला. आता मी सांगायला घेतलं म्हणजे तुम्हाला कल्पना आहे. लिफ्ट अशी, की आपण मनात मजला आणायचा आणि ती निघते. पाणी चोवीस तास. नळ नुसता बघितला तरी वाहतो. झाडू मारायला मशीन, ते सोफ्याखाली जाऊन आपापलं बाहेर येतं आणि नमस्कार करतं. धुणं मशीन, भांडी मशीन. "तुला काडी उचलायला लागणार नाही, अक्का. सकाळी उठायचं ते बसायला."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "तुझ्या बोलन्याचा चवथा हिस्सा धरायचा आसतो, आईनं सांगून ठिवलंय," म्हणाली. "पन चवथा जरी खरा आसंल, तरी म्या तिथं काय करू? भिताडावर लावाय फोटू का माझा?"

हिक्कडुवाला पाणी काचेसारखं, कडेला कासवं येतात. एक कासव इतकं मोठं होतं, की त्याच्या पाठीवर एसटीचा विनंती थांबा करता आला असता. बाकीचे त्याच्याभोवती फोटो काढत होते. माझ्या मात्र पायांना सूज आली होती. एवढी वर्षं उभ्यानं नोकरी केली, पाय कधी बोलले नव्हते. लंकेत बोलायला लागले, आणि बोलणं काही चांगलं नव्हतं.

उनवटूनाला किनारा विळ्यासारखा वाकलेला आहे, आत पाणी शांत, जणू कुणी हातानं दाबून बसवलंय. तिथं मी फ्लॅटच्या गच्चीत बाग लावली. आंबा लावला. आंब्याला लगेच मोहर आणला. अक्का म्हणाली, "मंग राखनीला कोन?" म्हटलं, राखण लागत नाही, कॅमेरे आहेत. तिनं मान हलवली आणि वाळूत रेघा ओढत बसली. मी जितकं छान सांगत होतो तितकी ती माझ्यापासून लांब सरकत होती, हे मला दिसत होतं. पण उताराला लागलेली गाडी, आणि ब्रेक माझ्याकडे कधीच नव्हता, मी फक्त घंटी मारणारा.

वेलिगामाच्या जवळ समुद्रात बांबू रोवून त्यावर कोळी बसलेले असतात, हातात गळ, खाली लाटा. हालचाल नाही. बस थांबली, सगळे फोटोला पळाले. अक्का सहलभर पहिल्यांदा स्वतःहून खाली उतरली.

"हे काय करत्यात?"

"मासे यायची वाट बघतात."

"हां." ती किती तरी वेळ उभी राहिली. "पाळी धरून बसल्यात." चेहऱ्यावर असं समाधान, की जणू परदेशात कुणी गाववाला भेटावा. आमच्या लंकेच्या ड्रायव्हरनं मला हळूच मोडक्या हिंदीत सांगितलं, की आता यातले बरेच जण फोटोसाठीच बसतात, मासे कुठले. मी अक्काला ते सांगितलं नाही.

मिरिस्साला टेकडीवर नारळाची झाडं आहेत, सगळी समुद्राकडे वाकलेली. गाडी आली का बघायला रस्त्यावर ओणवे झालेले प्रवासीच. तिथला सूर्यास्त बघायला जगातून लोक येतात. आम्ही दोघं टेकडीच्या पायथ्याशी दगडावर बसलो, कारण तिची कंबर आणि माझे पाय. वरून माणसं ओरडत होती, काय तो रंग, काय तो रंग.

"भाऊ," ती म्हणाली, "समदीकडं त्येच पानी हाय."

"अगं, प्रत्येक किनारा वेगळा..."

"किनारा येगळा. पानी त्येच. आनि कुनाची पाळी न्हाई, कुनाला मोजून न्हाई, आपलं येतंय अन् जातंय." मग कंबर चोळत, "मला करमंना. घरी आवर्तन सुटलं आसंल."

मी भाच्याला फोन लावला. "नाही जमत," म्हटलं. तो म्हणाला, "मामा, अजून एक किनारा आहे ना?" आवाज असा, की त्यापेक्षा ओरडला असता तर बरं.

*

तो शेवटचा किनारा तंगल्लचा. लांबलचक, रिकामा, मोठ्या लाटांचा. पोहू नका म्हणून सांगितलेलं. कुणी पोहणार नव्हतंच. आमच्यातल्या निम्म्यांना चालवत नव्हतं. सगळे जिथं जागा मिळाली तिथं वाळूत टेकले. तोंडात वाळू, कानात वाळू. मी तर खिशातून तिकिटं काढावीत तशी वाळू काढत होतो. एका आठवड्यात इतकी सुंदर ठिकाणं बघितली होती, की आता कुणी आणखी एक दाखवलं असतं तर मी रडलो असतो.

अक्का पाण्याच्या कडेला उकिडवी बसली होती. मोठी लाट आली की पाणी वर चढायचं आणि एका बारीक ओघळीनं परत जायचं. तिनं त्या ओघळीला टाचेनं बांध घातला. पुढची लाट आली, पाणी अडलं, बाजूला वळलं. तिनं लगेच हातानं सरी ओढली. पुढं एक चौकोनी वाफा आखला. पदर खोचला.

श्रीगोंद्याच्या दोघी बसल्या जागेवरून बघत होत्या. "बांध कच्चा हाय, आक्का. फुटंल."

"मंग या की उठून!"

त्या उठल्या. पाच मिनिटांपूर्वी ज्यांना चहाला उठवत नव्हतं त्या बाया उठल्या. बाबा कागदी सपाता काढून आले. शाळाबाई चष्मा सावरत आल्या. बघता बघता तंगल्लच्या वाळूवर असं रान तयार झालं, की कृषी अधिकाऱ्यानं पाहिलं असतं तर तिथंच उसाची नोंद केली असती. वाफे, सऱ्या, मधून पाट. आणि भांडण! "माझ्या वाफ्याचं तोंड कुनी बांधलं?" "पाळी माझी हाय!" "बाबा, तुमी हेडला बसून समदं पानी खाताय!" "आगं बाई, डोंगर माझा हाय, मी का खाली बसू?" एक गोरी बाई फोटो काढायला आली, तिच्या हातात अक्कानं वाळूचा गोळा दिला आणि खुणेनं सांगितलं, धर तिकडचं दारं. ती बिचारी तासभर धरून होती. भाजून तांबडीलाल झाली पण दारं सोडलं नाही.

अक्कानं सगळ्यात शेवटचा वाफा स्वतःसाठी ठेवला होता. टेलचा. एका मोठ्या लाटेचं पाणी सगळ्या सऱ्यांतून फिरत फिरत तिच्यापर्यंत आलं, वाफा काठोकाठ भरला, आणि ती "पोचलंऽऽ!" म्हणून ओरडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांच्या देखत वाळूनं ते पाणी पिऊन टाकलं. तिनं परत भरलं. परत गेलं. बाकीचे हसत हसत एकेक करून पांगले, ती वाकून तेच करत राहिली, आणि मग एकदा हात कमरेवर ठेवून उभी राहिली. कंबर सरळ होईना. मी जाऊन तिला धरून बसवलं.

दोघं तसेच बसलो. मला बोलायचं होतं, पण खरं सांगतो, अंगात थाप मारायचंही बळ उरलं नव्हतं.

"पुन्यात पानी कव्हा येतं?" तिनं विचारलं.

"सकाळी. तासभर."

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"तासभर?"

"उन्हाळ्यात तेही नाही. टँकर मागवतात. पोरगं आणि सून दोघं कामाला जातात, टँकर आला की घरी कुणी नसतं. सून पहाटे उठते पाणी भरायला. कधी डोळा लागला की दिवसभर सगळं घर कोरडं."

"तू तर नळ बघितला की वाहतो म्हनत हुतास."

"म्हणत होतो."

"आनि लिफ्ट?"

"निम्म्या वेळा बंद."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तू कमी करून सांगाय लागलास," ती म्हणाली, "म्हंजी हे समदं खरं हाय." मग, "त्यांचा मजला कितवा रं?"

"सगळ्यात वरचा. तिथवर पोचेपर्यंत पाण्याचा जोरच संपतो. खालचे भरून घेतात."

"म्हंजी टेलला हाय की रं पोरगं!"

मी खिशातली वाळू झटकली.

"आनि ही कालची पोरगी एकटी पाळी धरती? ऑफिसात जाऊन? तिला काय कळतंय? खालच्यांनी मोटार लावली तर वर टिपूस यायचं न्हाई, जाऊन दारात उबं ऱ्हावं लागतं. कुनी सांगितलंय का तिला?" ती तावातावानं बोलत होती आणि बोलता बोलता थांबली. आपला कोरडा पडलेला वाफा बघत बसली. शेवटी अगदी हळू म्हणाली, "दमले रं भाऊ. रानात आता उबं ऱ्हावत न्हाई. पन निस्तं बसाय मी कुनाकडं जानार न्हाई."

"नाही गं."

"सांग त्याला. यीन म्हनावं. खोली बिली ऱ्हाऊ दे, माझं आथरून मोरीजवळ टाक म्हनावं. पान्याचा आवाज आला पायजे."

ज्यासाठी मी आठवडाभर एक देश पालथा घातला होता तो होकार हातात आला, आणि मला आनंद व्हायला हवा होता. झाला असेल. पण मला आठवतंय ते एवढंच, की त्या टेलच्या शेतावर सुट्टीत मी जायचो, बांधावर बसून तिच्या हातची भाकरी खायचो, आणि ती आहे तोवर ते तसंच राहील असं मी न विचारता धरून चाललो होतो. बसचा हॉर्न वाजला. दोघांनाही उठता येईना. शेवटी बाबांनी येऊन आम्हाला ओढून उठवलं.

*

आता रान शेजाऱ्याकडे वाट्यानं आहे. अक्का पुण्यात. सोसायटीच्या चेअरमनला तिनं पहिल्याच महिन्यात असा धडा दिला म्हणे, की टँकरचं पाणी आता वरच्या मजल्यापासून खाली वाटतात. भाचा सांगतो, त्याच्या सांगण्यात माझं रक्त आहे, तेव्हा किती धरायचं ते तुम्ही बघा.

परवा आवर्तन सुटलं. तिचा भल्या सकाळी फोन. "टेलला पोचलं का, बघून ये."

गेलो. पाय ओढत चारीच्या कडेनं चाललो. चारी कोरडी होती. तळाला भेगा, वरच्या गावातून वाहत आलेली एक प्लास्टिकची बाटली, बाकी काही नाही. मी अक्काच्या बांधावर बसलो आणि फोन लावला. कोरडी म्हणायला जीभ उचलेना.

"घोट्याएवढं आलंय, अक्का."

ती जरा थांबली. चौथा हिस्सा काढत असावी.

"म्हंजी आलंच न्हाई," ती म्हणाली. मागून कसला तरी धडधडाट आणि माणसांचा गलका ऐकू येत होता. "जाऊ दे. उनात बसू नगंस, घरी जा. ठिव आता, टँकर आलाय हितं."